गोष्ट संपेपर्यंत

वराळ्यात दिवे गेले की आम्ही मुलं अंबाजी आबांच्या ओट्यावर जमतो. आबा रेल्वेत गँगमन होते, खंडाळ्याच्या घाटात. राजेश्वरी सगळ्यांत भित्री, पण भुताची गोष्ट तीच आधी मागते.

"आबा, खरी सांगा हं."

"खरीच हाय. माझ्या मावसभावाची, कैलासची. पर रातच्याला आईला उटवायचं न्हाई."

कैलास लोणावळ्यात पर्यटकांची जीप चालवतो. ३० नोव्हेंबर २०२४, शनिवार, अमावस्या. रात्री साडेनऊला तुंगार्लीच्या ज्योत्स्नाताईंना घेऊन तो राजमाचीच्या रस्त्याला लागला. ताई झाडांचे, ओढ्यांचे फोटो काढतात आणि प्रत्येक फोटोखाली एक गोष्ट लिहितात. पुण्यात त्यांची प्रदर्शनं भरतात. ऑगस्टपासून दर अमावस्येला त्या कैलासच्याच जीपनं एकाच ओढ्यावर जात. चंद्र नसला की तारे छान येतात, एवढंच कैलासला माहीत होतं.

ओढा आता कोरडा होता. ताईंनी स्टँडवर कॅमेरा लावला, मधल्या काळ्या दगडाकडे तोंड करून. शटर उघडलं आणि त्या दगडाला गोष्ट सांगू लागल्या. एक खार नदीचं घर शोधायला निघाली होती. वीस मिनिटं झाली. ताईंनी शटर बंद केलं, गोष्ट अर्धीच ठेवली.

"ताई, खारीला घर घावलंच न्हाई की! दर येळी हितंच थांबता," कैलास हसत म्हणाला.

ताई खाली बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांची मुलगी कोमल, नऊ वर्षांची. जुलैत ती याच दगडावर उभी होती. पाणी धुरासारखं दिसायला हवं, तर शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि समोरच्या माणसानं हलायचं नसतं. म्हणून मायलेकींचा नियम होता. आई गोष्ट सांगणार, आणि गोष्ट संपेपर्यंत कोमल हलणार नाही. त्या दिवशी वर डोंगरात पाऊस झाला आणि लोंढा आला. ताईंची नजर घड्याळावर होती.

"तिनं पाणी पाहिलं होतं, कैलास. गुडघ्यापर्यंत आलं तरी हलली नाही. मी गोष्ट थांबवली नव्हती ना."

कैलासनं हळूच विचारलं, "ताई, दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला हुता का?"

"नाही. ती अजून इथेच उभी आहे. पाय दुखत असतील रे तिचे. पण गोष्ट संपवली तर ती जाईल. मग मी काय करू?"

कैलासनं हात जोडले. "लेकरू हाय वो. संपवा आन् सोडा तिला. फकस्त घरी चल म्हनू नका. गेलेल्या मानसाला घरी बोलवायचं नसतं."

सव्वाअकरा.

ताईंनी पुन्हा शटर उघडलं. आवाज फुटत होता. खार डोंगरावर पोचली... तिला घर दिसलं...

कैलास जीपला टेकून उभा. डोळे मिटलेले.

कोरड्या ओढ्यात पाणी वाजलं.

ताई थांबल्या.

"संपली गोष्ट, राणी..."

पाणी वाजतच होतं.

"...चल. घरी चल."

आबांनी बिडी पेटवली. राजेश्वरीनं माझा हात घट्ट धरला.

"मग, आबा?"

"पानी वाजायचं थांबलं. ताईनं कॅमेरा आवरला. फोटू बघितलासुदिक न्हाई. फुडं कैलासच्या शेजारी बसली. तुंगार्लीला उतरली आन् मागचं दार उघडून हुबी राह्यली. बराच येळ. मंग कुनाचा तरी हात धरल्यावानी बंगल्यात गेली. हसत हुती म्हनं."

"म्हणजे कोमल घरी गेली?"

आबांनी झुरका घेतला. अंधारात त्यांची बिडी एकदा लाल झाली.

"कैलासनं मागं वळून बघितलं न्हवतं. सकाळी जीप धुवायला काडली तवा बघितलं. मागल्या शिटाचा बेल्ट. लोनावळ्यात कोन लावतंय मागचा बेल्ट?"

"मग?"

"लावलेला हुता. ल्हान पोरीच्या मापाला आवळून... आन् वलाचिंब."