साडेसहा फुटांची फळी

धाकट्याने पंचेचाळिशी ओलांडली होती, तरी वर्कशॉपमध्ये सगळे त्याला धाकटाच म्हणत. बाप हयात असेपर्यंत थोरलेपण काही त्याच्या वाट्याला येणार नव्हतं. बाबांनी आयुष्यभर करवत चालवली होती. धाकट्याने लाकूड कापायचं, कॉम्प्युटरवर चालणारं राउटर मशीन आणलं, तेव्हा म्हातारा आठवडाभर नाक मुरडत होता. "आकडे टाकायचे आणि चहा पीत बसायचं, याला काय सुतारकाम म्हणायचं?"

तेच बाबा आता दवाखान्यातून घरी आले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबांनी एकच गोष्ट मागितली.

"तिथल्या खाटेवर पाय बाहेर लोंबायचे रे. मला नीट पाय लांब करता येतील असा पलंग कर."

माणूस चांगला सहा फुटी. धाकट्याने साडेसहा फुटांचा आकडा टाकला. बाबांसाठी करायची ही शेवटचीच वस्तू, हे त्याला कळून चुकलं होतं. तीत खोट राहून चालणार नव्हतं.

मशीन घरघरलं, भुसा उडाला, फळी कापून झाली. त्याने टेप लावली. तीन इंच कमी.

स्वतःलाच एक शिवी हासडून त्याने सुरुवातीचा बिंदू पुन्हा लावला. दुसरी फळी पाच इंच कमी. मग त्याने गिऱ्हाइकाच्या कपाटाचं दार कापून पाहिलं. ते केसभरही चुकलं नाही. पलंगाची तिसरी फळी सात इंच कमी भरली. पडद्यावर मात्र साडेसहा फूटच दिसत होते.

त्याने तिन्ही फळ्या भिंतीला टेकवून ओळीने उभ्या केल्या. लाकूड वाया गेल्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. त्याला सरळ सरळ भीती वाटत होती.

त्याने मशीन बंद केलं आणि बाबांची करवत काढली. सवय मोडलेली, तळहाताला फोड आले. पण फळी बरोबर साडेसहा फूट भरली. त्याने तीनदा मोजली. दुसऱ्या दिवशी दुपारी पलंग उभा राहिला.

त्याने आणि त्याच्या बायकोने बाबांना उचलून त्यावर निजवलं. ते हाताला फारच हलके लागले. आजारपणच तसं आहे, अशी धाकट्याने मनाची समजूत घातली.

बाबांनी पाय ताणले.

पायाशी वीतभरही जागा उरायला नको होती. चांगली हातभर उरली.

"एवढी जागा कोणासाठी सोडलीस?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, पाय लांब करायचेत."

"लांबच केलेत की."

धाकट्याने खिशातली टेप काढली आणि तशीच परत ठेवली.

तळव्यांना टेकू म्हणून बायकोने पायाशी एक उशी लावली.

चौथ्या दिवशी सकाळी तिने दुसरी आणून लावली.