सव्वीस वर्षांचे देव

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली तेव्हा तिच्या हातात अकरा फायली आणि चहाचा कप होता. नोंदणी कार्यालयात सहा वर्षं कारकुनी केलेल्या मुलीला अडकण्याचं फारसं काही वाटत नाही. तिचे कागद रोजच अडकतात. फायलींची चळत करून ती त्यावर बसली आणि चहा पिऊ लागली. बऱ्याच वेळानं वरच्या फटीतून आधी बॅटरीचा उजेड आला आणि मागून एक चेहरा.

“घाबरू नका, मॅडम.”

“मी कुठं घाबरलेय? आवाज तर तुमचाच कापतोय.”

“आत कुणी चहा पीत बसलेलं पहिल्यांदाच दिसलं... म्हणून.”

वीस मिनिटांत त्यानं लिफ्ट सुरू केली. एवढी घाई करायची काय गरज होती, असं तिला उगाचच वाटलं. पुढचे तीन दिवस लिफ्टवाला ‘तपासणीला’ येत राहिला. लिफ्ट ठणठणीत होती. हे तिला कळत होतं, अख्ख्या ऑफिसला कळत होतं, आणि तो जिन्याशी दिसला की तिचे कान लाल व्हायचे.

चौथ्या दिवशी तो हत्यारांच्या पिशवीशिवाय आला. बाहेर पावसाची कंटाळवाणी भुरभुर चालू होती, खांदे ओले होते, आणि हातात अर्ज होता. पंथाच्या नोंदणीचा.

त्याची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. तिथल्याच तीन मैत्रिणींना घेऊन तिनं हा पंथ सुरू केला होता. सूर्य, नदी, माती आणि गेलेली माणसं, एवढेच देव. या भागात कोणे एके काळी लोक त्यांना मानत, मग विसरले. जुन्या पुस्तकांत चार ओळी सापडल्या, बाकीचं बायकांनी स्वतः रचलं. आता मोजून सात माणसं उरली होती. आईची फुप्फुसं निकामी होत आली होती आणि डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिली होती. गावच्या दफनभूमीत आपल्या रीतीनं निरोप द्यायला पंथ नोंदलेला लागतो. नाहीतर पंधरा मिनिटं मिळतात आणि तिथला कर्मचारी छापील मजकूर वाचतो. आईला मरणाची भीती नव्हती. त्या पंधरा मिनिटांची होती.

परंपरा किती जुनी, या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: सव्वीस वर्षे.

तिनं पेन खाली ठेवलं. शंभर वर्षांच्या आतला अर्ज साहेब मंजूर करत नाहीत, तेव्हा आकडा जरा वाढवा, असं तिनं हळूच सुचवलं.

“पंथ माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे हो,” तो म्हणाला. “मी त्याला रांगताना पाहिलंय. म्हातारा कसा करू?”

“आणि तुम्ही... खरंच मानता हे सगळं?”

“काही दिवस नाही मानत,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “तरी सकाळी उठून प्रार्थनेला जातो.”

श्रद्धा खरी की नुसती हौस, हे पाहून अहवाल द्यायला साहेबांनी तिलाच पाठवलं. लॉन्ड्रीमागच्या अंगणात, करड्या उजेडात, रेनकोट घातलेली सात माणसं गोल करून जमली होती. एकाचा फोन वाजला. एक बाई मंत्र विसरली आणि चिठ्ठी शोधताना तिच्या पिशवीतून कोबी घरंगळला. अहवालासाठी आलेल्या मुलीनं ओठ घट्ट दाबून हसू आवरलं. मग खुर्चीवर बसलेल्या त्याच्या आईनं मातीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि गेलेल्या तिघी मैत्रिणींची नावं घेतली. एकेका नावाला तिला थांबून श्वास गोळा करावा लागत होता. मुलगा मागून तिचे खांदे धरून उभा होता. पाहणाऱ्या मुलीचं हसू कुठल्या कुठे गेलं. डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला.

जाताना आईनं तिला जवळ बोलावलं. “पोरी, हसायला येत होतं ना? आम्हालाही येतं. तू पुन्हा ये.”

त्याच दुपारी तिनं अहवाल लिहिला. परंपरा शेकडो वर्षांची, घराण्यात अखंड चालत आलेली. हात जराही थरथरला नाही. प्रेमात पडलेल्या माणसाचा थरथरत नाही. आठवड्याभरात प्रमाणपत्र निघालं आणि तिचा जीव भांड्यात पडला. आता तो येईल, हसेल, कदाचित... पुढचं तिनं मनातल्या मनातही पुरं केलं नाही.

तो आला, पण हसला नाही. प्रमाणपत्र त्यानं टेबलावर सरळ करून ठेवलं.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “आईंसाठी.”

“आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे आम्ही केलं ते खोटं, आणि हिनं लिहिलं ते खरं का?” त्याचा आवाज दबका होता, त्यामुळे तिला जास्तच लागला. “आम्हाला हसणारे खूप भेटले. त्यांचं काही वाटत नाही. पण आमची लाज वाटून कुणी आम्हाला झाकलं नव्हतं अजून.”

मग परत करा ते, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

“तेही नाही करायचं, आई म्हणते. परत केलं तर विचारतील, त्या मुलीची नोकरी जाईल. ठेव आणि वापरू नको, म्हणाली.”

तो गेला. पुढचे बारा दिवस ती जिन्यानंच चढली. तेराव्या दिवशी सकाळी लॉन्ड्रीतून फोन आला, त्याची आई गेली म्हणून.

दफनभूमीत चिखल होता आणि भुरभुर थांबायचं नाव घेत नव्हती. कर्मचाऱ्यानं छत्रीखाली छापील मजकूर वाचला. आईचं नाव त्यानं दोनदा चुकवलं. सहा माणसं मान खाली घालून गप्प उभी होती. ती धावतपळत पोचली तेव्हा पंधरा मिनिटांतली चारच उरली होती. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, पण सरकून जागा दिली.

सगळे पांगल्यावर ती म्हणाली, “साहेबांना सांगून आले. अहवाल खोटा होता, मी लिहिला होता. नवीन लिहून दिलाय, सव्वीस वर्षं म्हणून. नोंदणी रद्द झाली... आणि उद्यापासून मलाही कामावर जायचं नाहीये.”

“कशाला केलंत?” तो वळला. “आईनं तर तुम्हाला...”

“त्यांनी मला वाचवलं. मला नको होतं तसं वाचणं. तुमच्या देवांचं मला अजून काही कळत नाही. खोटं सांगणार नाही. पण त्या दिवशी अंगणात तुमच्याइतकं खरं मी कुणाला पाहिलं नाही. आणि माझं... तुमच्यावर प्रेम आहे. एवढं एक मी कुठल्या कागदावर लिहिलं नव्हतं.”

त्यानं ताज्या मातीकडे पाहिलं. त्याच्या पापण्यांवर पाणी होतं, भुरभुरीचं की आतलं, ते तिनं विचारलं नाही.

“आईनं तुम्हाला केव्हाच माफ केलं होतं,” तो म्हणाला. “मला वेळ लागेल.”

“किती?”

“माहीत नाही.” त्यानं तिचा गारठलेला हात आपल्या हातात घेतला आणि घट्ट धरला. “पण तोवर... कुठं जाऊ नका.”