चपटीतला उरलेला घोट

गोखिवऱ्याला एका गाळ्यातल्या लॅबमध्ये विनिता दारू तपासायची. वटारला, तिच्या गावच्या आळीत, सगळे तिला 'दारूवाली' म्हणून चिडवत, पण बिचारीने जन्मात थेंब चाखला नव्हता. वाइनवाले बाटल्या पाठवत आणि तिथलं इन्फ्रारेड यंत्र मिनिटभरात अल्कोहोल किती, साखर किती, आणखी काय काय आहे, ते पडद्यावर सांगे.

त्या दुपारी शेजारच्या पुतळाकाकी पदराखाली दारूची अर्धी चपटी घेऊन आल्या. त्यांच्या नवऱ्याचं, आत्मारामकाकांचं, तेरावं कालच झालं होतं.

"डॉक्टर बोलले, हार्टॲटॅक. पन जायच्या आधी यांना दिसायचंच बंद झालेलं, पोरी. भिंत चाचपत फिरत व्हते... ही चपटी मीच आनलेली. गुडघ्यांना आराम पडल म्हनून." काकींनी चपटी पुढे केली. "विष निघालं तर लपवू नको. उरलेली मीच घेनार."

काकींना बाहेर बसवून विनिताने यंत्राला आधी नुसतं पाणी दिलं, शून्य लावलं, मग नळी चपटीत सोडली. प्रत्येक नमुना तीनदा मोजायचा, असा नियमच होता.

पहिल्या खेपेला आकडा आला. मिथेनॉल, बारा टक्के. माणसाला आधी आंधळं करून मग मारणारं विष. आता या बाईला काय सांगायचं? विनिताला रडूच फुटलं.

तेवढ्यात पाठीमागे कुणीतरी घोट घेतला. अगदी जवळ... खोलीत पानवेलीच्या ओल्या मळ्याचा वास आला, काकांच्या अंगाला यायचा तोच. चपटीतली दारू बोटभर खाली गेली होती.

दुसऱ्या खेपेला चार टक्के.

पुन्हा घोट... कडू औषध गिळावं तसा, थांबत थांबत. आणि तिसऱ्या खेपेला शून्य. चपटीत दारू उरली होती, विष तेवढं कुणीतरी पिऊन टाकलं होतं.

विनिताची मागे वळायची छाती झाली नाही. भिंतीवरून एक तळहात चाचपत चाचपत दाराकडे गेला, तेवढं तिला ऐकू आलं.

बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "काकी... विष नाही."

काकी ढसाढसा रडल्या. इतके दिवस कोंडून ठेवलेलं रडणं होतं ते. मग डोळे पुसून त्या उठल्या.

विनिता दारातून बघत राहिली. वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी काकींचा पदर मागे सरळ ताणलेला होता. पायरीशी त्या थांबल्या आणि मागे न बघताच हळू म्हणाल्या, "पायरी हाय... जपून."