मागून उघडी पेटी

घरी स्पीकर बनवायचा म्हटलं की आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग, कोणता आणि पेटी कशी. वूफर वेगळा, ट्विटर वेगळा, हे मला कधीच आवडलं नाही. माणूस एकाच तोंडाने बोलतो. त्याचा जाड आवाज एका भोकातून आणि बारीक दुसऱ्या भोकातून आलेला मला खपत नाही. म्हणून मी फुल रेंजवाली. एकच कोन, म्हणजे थरथरणारा शंकू, त्यानेच डग्ग्याची घुमारी आणि झांजेची किणकिण दोन्ही पेलायची.

मी संगमनेरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझा मोठा भाऊ केदार. दादा एका दूध संघात हिशेब बघायचा. मेंदूज्वरात त्याचे दोन्ही कान गेले, नोकरीही सुटली, आणि तो माझ्याकडे राहायला आला. तो बोलायचा, पण स्वतःचं बोलणं ऐकू येत नसल्यामुळे सपाट आणि जरा मोठ्याने. मी मोबाईलवर लिहून दाखवायचे. 'जेवलास?' 'गॅस बंद केला?' 'उशीर होईल.' लिहायचा कंटाळा येतो आणि वाक्यं छोटी होत जातात. आमची तशी झाली होती.

स्पीकरच्या कामात मात्र तो रमायचा. प्लायवूडला पॉलिशपेपर मारून द्यायचा. गाणं लावलं की पेटीवर तळहात ठेवून सांगायचा, "उजवी फळी थरथरतेय." बहुतेक वेळा खरं असायचं.

गेल्या हिवाळ्यात माझ्यापुढे दोन ड्रायव्हर होते. एक नवा, कुरियरने मागवलेला, ताठ कोनाचा. त्याच्यासोबत आलेला आलेख जवळजवळ सरळ रेषेत होता, म्हणजे जाड-बारीक सगळे आवाज तो सारखेच काढणार. दुसरा जुना, करड्या कागदाच्या मोठ्या कोनाचा. पारनेरला रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान बंद होत होतं, तिथून उचललेला. नव्याला हवाबंद पेटी चालत होती. जुना तसल्या पेटीत गुदमरल्यासारखा वाजायचा, म्हणून त्याच्या पेटीला मी मागची फळी लावलीच नाही. तुलना करायला दोन्ही पेट्या हॉलमध्ये शेजारी शेजारी मांडल्या.

दादाने नव्या पेटीवर हात ठेवला आणि लगेच काढला. जुनीवर ठेवला तो तसाच राहू दिला.

"हा ठेव," तो म्हणाला.

मी आलेख पुढे केला. 'नवा बरा आहे,' असं लिहिलं.

"असेल. हा ठेव."

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी मी कॉलेजमधून आले, तर स्वयंपाकाला येणाऱ्या पुष्पावतीबाई दारातच उभ्या होत्या.

"म्याडम, तुमी मगाशी घरी आल्त्या का?"

"नाही. का हो?"

"न्हाई, दादा बोलत हुते. लई येळ. मधीच हासत हुते. मला वाटलं, तुमीच आल्या."

आत दादा उघड्या पेटीजवळ खुर्ची घेऊन बसला होता. तळहात कोनाच्या कडेवर. अॅम्प्लिफायरचा दिवा बंद होता.

"टाकीचं झाकण लावलं गं," मला बघून तो म्हणाला. "म्हणालीस म्हणून."

झाकण उघडं राहिलंय हे मला सकाळी वर्गात शिकवताना आठवलं होतं. मी कोणालाच काही बोलले नव्हते. त्याचं त्यालाच दिसलं असेल, असं मी धरून चालले.

मग एका संध्याकाळी चहा पिताना तो म्हणाला, "पुण्याच्या नोकरीला नाही म्हणालीस, ते तेव्हाच सांगायचं होतंस मला."

पुण्याच्या एका संस्थेने मला बोलावलं होतं, हे खरं होतं. मी कॉलेजच्या मैदानावर उभी राहून फोनवर नकार दिला होता. दादाला वाईट वाटेल म्हणून घरी विषयसुद्धा काढला नव्हता.

'तुला कोणी सांगितलं?' मी लिहिलं.

ते वाचून तो हसला. "तूच की. काल दुपारी. आईच्या आजारपणातलंही सांगितलंस. तू जिन्यात जाऊन रडायचीस ते." त्याचा चेहरा इतका उजळलेला मी किती तरी दिवसांत पाहिला नव्हता. "कान गेल्यापासून पहिल्यांदाच एवढं बोलतेस, रोहिणी. कानाने नाही येत, पण हाताला कळतं सगळं."

काल दुपारभर मी प्रयोगशाळेत होते.

रविवारी मी त्याच्यासमोरच पेटीच्या दोन्ही वायरी काढल्या. ड्रायव्हर आता कशालाच जोडलेला नव्हता. दादाने हात ठेवला. मी त्याच्यासमोर उभी राहिले, ओठ घट्ट मिटले आणि मोबाईल पुढे धरला. 'मी आता काय म्हणतेय?'

त्याने डोळे मिटले.

"म्हणतेस, मला भीती वाटते, दादा." त्याने डोळे उघडले. "हात काढ म्हणतेस. पण का गं?"

स्पीकर उलटा जोडला की तो मायक्रोफोनसारखा चालतो. पहिल्या वर्षाची मुलंही हा प्रयोग करतात. मी तो ड्रायव्हर रेकॉर्डरला जोडला आणि दादाला नेहमीसारखं बसायला सांगितलं. स्वतः खोलीभर फिरले. टाळ्या वाजवल्या. स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटला. "दादा" म्हणून मोठ्याने हाक मारली. मग कानाला हेडफोन लावून ऐकायला बसले.

चिमण्या होत्या. शेजारचा मिक्सर होता. पुष्पावतीबाईंची भांडी होती. दादाचा श्वास, त्याच्या खुर्चीची कुरकुर, मधूनच त्याचं "हं" आणि "खरंच?" सगळं स्वच्छ होतं.

माझ्या टाळ्या नव्हत्या. चमचा नव्हता. हाक नव्हती. जिथे जिथे मी होते, तिथे शांतता होती. कुठल्याही खोलीत नसते इतकी.

मी पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच.

दादा केस कापायला गेला होता तेव्हा मी तो ड्रायव्हर पेटीतून काढला. कोनाचा कागद ब्लेडने मधोमध फाडला. जाड, कोरडा कागद. त्याचा काहीच आवाज झाला नाही. घाईत ते माझ्या लक्षात आलं नाही, नंतर आलं. तुकडे आणि रिकामी पेटी मी कचऱ्याच्या गाडीत दिली आणि हॉलमध्ये एकटी नवी पेटी ठेवली.

आल्यावर त्याने तिच्यावर हात ठेवला. "छान. स्वच्छ आहे," म्हणाला आणि हात काढून घेतला. जुनी कुठे गेली, हे त्याने विचारलं नाही. तेच मला जास्त लागलं.

काही दिवसांनी जेवताना त्याने विचारलं, "माझ्यावर रागावलीस का?"

मी नाही अशी मान हलवली.

"मग बोलत का नाहीस?"

मी ताट बाजूला सारून लिहायला बसले. पुण्याचं लिहिलं, आईचं लिहिलं, जिन्यातलं लिहिलं. त्याने बोटाने स्क्रीन सरकवत सगळं सावकाश वाचलं आणि फोन परत दिला.

"हो, हे सांगितलं होतंस तू," तो म्हणाला. "पण ते तेव्हा."

त्यानंतर तो हॉलमध्ये बसेनासा झाला. खोलीत पडून राहायचा. हाताला लागेल त्यावर, भिंतीवर, पलंगाच्या कडेवर, तळहात टेकवायचा, थोडा वेळ थांबायचा आणि काढून घ्यायचा.

मी फार विचार केला. ती जी कोण होती, ती खोटं काहीच बोलली नव्हती. वाईट काहीच बोलली नव्हती. मी बोलायला हवं होतं, तेवढंच ती बोलली होती. माझ्या भावाशी कोणी तरी भरभरून बोलत होतं आणि मी ते ब्लेडने कापलं.

ऐकू न येणाऱ्या माणसाचा हात आपल्या गळ्यावर ठेवून बोललं, तर त्याला बोलणं जाणवतं, असं मी वाचलं होतं. एका सकाळी स्वयंपाकघरात मी दादाचा हात धरला आणि माझ्या गळ्यावर ठेवला. त्याला समजलं. त्याने डोळे मिटले.

मी बोलायला लागले. पेटीचं सांगितलं. मी घाबरले होते, ते सांगितलं. त्याला फोनवर तोडकं तोडकं लिहीत राहिले, त्याचं सांगितलं. चुकलं माझं, असं म्हणाले. ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या पुष्पावतीबाई थांबल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

बऱ्याच वेळाने दादाने डोळे उघडले.

"बोल ना," तो म्हणाला.

"बोलतेय रे."

त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे.

"ओठ हलतायत तुझे," तो म्हणाला. "गळा हलत नाहीये."

मी त्याचा हात बाजूला केला आणि माझा तिथे ठेवला. "दादा," मी म्हणाले. मला ते ऐकू आलं. पुष्पावतीबाईंनीही मान वर करून बघितलं.

माझ्या बोटांखाली काहीच हललं नाही.