‘येतो’ म्हणून आणलेली गाडी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या भावासोबत घडलेली. नांदेडला आमचं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि काउंटरवर मी, उज्वला, बसते. ज्याला ही थाप वाटत असेल त्याने दुकानात यावं. चहा पाजेन आणि भाऊही दाखवेन.

एक आधीच सांगते. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते एप्रिल-मेच्या उन्हात, भर दुपारी, नांदेड-लातूर रस्त्यावर झालं.

सुदर्शन माझा धाकटा भाऊ. लाडका, म्हणून जरा शेफारलेला. त्याला व्ही-ट्विन स्पोर्ट्स बाईक हवी होती. म्हणजे दोन तिरप्या सिलिंडरचं इंजिन, धडधड आवाज आणि पुढे वाकून बसायचं. नवी परवडणार नव्हती, म्हणून जुनी.

मी त्याला फायदे-तोटे सगळे ऐकवले. फायदा हाच की निम्म्या भावात दमदार गाडी मिळते. ओढ अशी की चढ कळत नाही, आणि आवाज ऐकून टपरीवरचे लोक माना वळवतात. तोटे मात्र ढीगभर. पार्ट हैदराबादहून मागवा. इथला मेकॅनिक हात लावायला भितो. ॲव्हरेज तर विचारूच नका. आणि मागचा सिलिंडर बरोबर मांडीखाली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात म्हणजे पेटत्या चुलीवर बसून प्रवास.

"हौसेला मोल नसतं, ताई."

"हौसेला नसतं, पण इंजिनाला असतं," मी म्हटलं. पण ऐकेल तर तो सुदर्शन कसला!

लातूरच्या जुबेरभाईंचा जुन्या गाड्यांचा धंदा. त्यांनीच ही गाडी शोधली. मी सोबत गेले. चेन बघितली, टायर बघितले, चॅसी नंबर कागदाशी ताडून पाहिला. गाडी इतकी स्वच्छ की मलाच शंका आली.

"ॲक्सिडेंटची न्हाई ताई, कसम से," जुबेरभाई म्हणाले. "पण मालक न्हाई राहिला. त्याची अम्मी विकून राहिली."

औसा रोडच्या मागे त्या आईचं छोटं घर होतं. सिंधुकाकू एकट्याच राहत. काही लपवलं नाही त्यांनी. मुलाचं नाव भागवत. मागच्या उन्हाळ्यात अहमदपूरला कामाला गेला होता. येताना चाकूरजवळ गाडी कडुलिंबाखाली स्टँडवर लावली आणि बुंध्याला टेकून बसला. तो उठलाच नाही. ऊन लागलं होतं.

"गाडीला ओरखडा न्हाई," काकू म्हणाल्या. "हिकडं मी येसरची आमटी करून, ताट वाढून बसले हुते. सकाळी निघताना 'जातो' म्हणला हो. कधी म्हणत न्हवता. त्या दिवशीच..."

आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात. लहानपणी यावरून कोणी टपली खाल्लेली नाही?

व्यवहार झाला. काकूंनी गाडीला हळद-कुंकू लावलं. सुदर्शन पाया पडला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"बाळा, तू मात्र जातो म्हण. येतो म्हणलास तर मी वाट बघंन रे."

सुदर्शनने मान हलवली. किल्ली फिरवली, इंजिन धडधडलं, गडी खूश झाला. आणि सवयीने ओरडला...

"येतो, काकू!"

मी त्याला जोरात चिमटा काढला. काकू उंबऱ्यावर बसल्या आणि रस्त्याकडे बघत राहिल्या.

परतीला मी मागे बसले होते. ती मागची सीट म्हणजे उंच पाटावर उकिडवं बसणं. दोन्ही हातांनी सीटखालची कडी घट्ट धरली होती. ऊन मी म्हणत होतं.

चाकूर मागे पडलं आणि सुदर्शन ओरडून म्हणाला, "ताई, तू उगाच भीती घालतीस. चटका अजिबात लागत न्हाई. उलट गार वाटून राहिलं."

मी हसले.

थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "ताई, कंबर सोड ना जरा. हात किती गार हायत तुझे."

माझे दोन्ही हात...

कडीवर होते.

त्याला घाबरवलं असतं तर गाडी पडली असती. नांदेड येईपर्यंत मी रामरक्षा म्हणत होते.

मग घरी सुरू झालं.

गाडी पोर्चमध्ये, किल्ली फ्रिजवर, सुदर्शन पंख्याखाली घोरत पडलेला. दुपारच्या शांततेत मला आवाज आला.

टिक... टिक... टिक...

गाडी लांबून पळवून आणली की तापलेलं लोखंड निवताना असा आवाज करतं. दुकानात मी तो रोज ऐकते. पण ही गाडी सकाळपासून हललेली नव्हती.

मी इंजिनाला बोट लावलं आणि ओरडलेच. बोटाला फोड आला.

आणखी एक. रात्री गाडी भिंतीकडे तोंड करून लावलेली असायची. दुपारी बघावं तर चाक रस्त्याकडे वळलेलं.

मग सुदर्शन दुपारचं जेवेना. "जरा चक्कर मारून येतो" म्हणायचा आणि भात शिजेपर्यंत परत यायचा. आई ताट वाढायची, तर म्हणायचा, "जेवलो न्हवं."

"कुठं जेवलास?"

तो गोंधळून बघायचा. त्याला आठवायचं नाही. पण त्याच्या हाताला येसरच्या आमटीचा वास यायचा. आमच्या घरी येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं ते मसाल्याचं पीठ, करत नाहीत.

मी मीटर बघितलं. लातूरला जाऊन आल्याएवढा आकडा वाढला होता. भात शिजेपर्यंत लातूर? विमानाने गेला तरी जमणार नाही.

मला खूप भीती वाटली. भुताची नाही. भाऊ हातातून चालल्याची. गाडी विकून टाक म्हणून मी रडले, भांडले. तो नुसता हसायचा.

मे महिन्यातल्या एका दुपारी तो चक्कर मारायला गेला. भात शिजला, निवला, आई जेवून उठली. तो आला नाही. फोन लागत होता, पण उचलत नव्हता.

काय वाटलं कोण जाणे, मी सिंधुकाकूंना फोन लावला.

"काकू, सुदर्शन तिकडं आलाय का?"

"कोण सुदर्शन?" काकूंचा आवाज आनंदी होता. किती आनंदी! "भागवत आलाय माझा. जेवून राहिलाय."

मागून ताटावर वाटी सरकल्याचा आवाज आला.

आणि त्याच्याही मागे...

टिक... टिक... टिक...

मला तो कडुलिंब आठवला. जुबेरभाईंना फोन करून ओरडले, "चाकूरला पळा! भागवत बसला होता त्या झाडाखाली बघा!" भल्या माणसाने एक शब्द विचारला नाही.

त्यांचा फोन येईपर्यंत आई देवासमोरून उठली नाही.

गाडी तिथेच होती. कडुलिंबाखाली, स्टँडवर. सुदर्शन बुंध्याला टेकून बसलेला, डोळे अर्धवट उघडे, अंग भट्टीसारखं तापलेलं. जुबेरभाईंनी त्याच्यावर पाण्याच्या बाटल्या ओतल्या आणि रिक्षात घालून दवाखाना गाठला. अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

"एक बात बोलू ताई?" जुबेरभाई नंतर म्हणाले. "एवढ्या धुपेत इंजिन बर्फासारखं ठंडं हुतं. मी हात लावला अन् मागं घेतला."

शुद्धीवर आल्यावर सुदर्शनला नर्सने पेज दिली. त्याने ती बाजूला सारली. पोट भरलंय म्हणाला.

ती गाडी आम्ही टेंपोत घालून काकूंच्या अंगणात सोडली. पैसे मागितले नाहीत. काकूंनी टाकीवरून हात फिरवला. घरात दोन ताटं वाढलेली दिसत होती.

मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "जातो आम्ही, काकू."

काकूंनी मान डोलावली. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. टेंपोत बसलेल्या सुदर्शनकडे बघत होत्या.

तो हळूच म्हणाला, "येतो."

आता तो बरा आहे. कामाला जातो, थट्टामस्करी करतो. पण घरातून निघताना रोज आईला म्हणतो, "जातो गं."

परवा आई चिडली. "किती वेळा सांगितलं, येतो म्हणावं म्हणून!"

सुदर्शनने चप्पल घातली. मागे वळून बघितलं नाही.

"ते तिकडं म्हणून ठेवलंय न्हवं."

मी रोज दुपारी त्याला फोन करते. जेवलास का विचारते. तो म्हणतो, "हाव, जेवलो."

कुठं जेवलास... हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.