बंदर नसलेलं जग

वही नेऊन द्यायची होती, एवढंच काम होतं. रविवारी दुपारी चारच्या सुमारास मी आचोळ्याच्या खोलीला कुलूप लावलं, वही कापडी पिशवीत घातली आणि गिरीजला जायला रिक्षा केली. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवा हवा तर थोडा मोठा करा, पण मध्ये थांबवू नका. थांबले तर पुन्हा सुरू करणं मला जमणार नाही.

वही माझ्या मुलीची, ज्ञानदाची. ती जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. युजीन, ऋतिका आणि विघ्नेश हे तिचे कॉलेजातले मित्र. दर रविवारी चौघं युजीनच्या घरी एक खेळ खेळत. त्याच्या मामाने आखातातून आणलेल्या नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स, तीन फासे आणि बाकी सगळं तोंडी. तिघं एका अवकाशयानाचे खलाशी. ज्ञानदा सूत्रधार. ती जगं रचायची आणि हे त्यांतून फिरायचे.

प्रत्येक जगाला वहीत एक पान. नाव, हवा, पाणी, वस्ती, आणि शेवटी बंदर. यान उतरवायला बंदर लागतं. ते उत्तम आहे, बरं आहे की कसंबसं आहे, हे फासे ठरवत. कधीकधी फासे सांगत की या जगाला बंदरच नाही. खाली दिवा नाही, इंधन नाही, उतरायला सपाट जागा नाही. पुस्तकात अशा जगांसाठी दोन ओळी होत्या. ज्ञानदाने अकरा पानं भरली होती.

का, ते मला वही उघडल्याबरोबर कळलं. आम्ही खाजणबेटाची माणसं. खाडीतलं साठ घरांचं बेट, भातशेती आणि थोडी मिठागरं. पूल नाही, जेटी नाही. मी लग्न होऊन तिथे गेले, आणि बावीस वर्षं श्रीपतदादांच्या होडीतून वसईच्या शाळेत भूगोल शिकवायला गेले. बेटावर वेळ तिथीवरून सांगतात. दशमीला भर दुपारी दोनच्या आसपास पूर्ण ओहोटी असते. खाडीत गाळ इतका साचला आहे की त्या वेळी होडी काठापासून शंभर हात अलीकडेच रुतते. मधल्या चिखलात उतरलेला माणूस छातीपर्यंत जातो.

आमच्याकडे हाकेची रीत आहे. होडी काठाकडे येताना श्रीपतदादा लांबूनच ओरडतात, "किती मानसं?" काठावरच्यांनी आकडा सांगायचा. आकडा एकदा कानावर आला की होडी माघारी न्यायची नाही. पाणी नसेल तर भरतीची वाट पाहत तिथेच थांबायचं, पण माणसं सोडून जायचं नाही.

ज्ञानदाला कार्तिकातल्या दशमीला घोणस चावली. भाताचा भारा उचलताना, सकाळी साडेअकराला. काठावर आणेपर्यंत पाणी ओसरलं होतं. होडी समोर दिसत होती. श्रीपतदादांनी हाक दिली आणि बाजेवरून तिनेच उत्तर दिलं, "एकच माणूस, दादा!" तेव्हा ती हसली होती. गावातले चौघे बाज खांद्यावर घेऊन चिखलात उतरले आणि निम्म्यावर अडकले. दोन वाजून दहा मिनिटांनी ती गेली. पलीकडच्या काठावर रुग्णवाहिका उभी होती. तिचं दार उघडं होतं, तेही आम्हाला दिसत होतं.

मी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला, जेटी असती तर मुलगी वाचली असती असा. आठ महिन्यांनी उत्तर आलं. 'सदर बेटावर जेटी अस्तित्वात असल्याने, जेटीअभावी मृत्यू झाल्याचे अर्जदाराचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.' मी ते पत्र तीनदा वाचलं. मग रजिस्टर पाहायला गेले. खाजणबेटाच्या ओळीत जेटीच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं, 'आहे'.

त्यानंतर मी बेट सोडलं. यांनी, ज्ञानदाच्या वडिलांनी, सोडलं नाही. "सगळेच गेलो तर दादांच्या हाकेला उत्तर कोण देणार?" एवढंच म्हणाले.

तर, गिरीज. केळीच्या वाडीतून पायवाट आत जाते. युजीनची आई, कॅथरिन, ओट्यावर अबोलीच्या फुलांचे वळेसर गुंफत बसली होती.

"या बाई, या. पोरं वाटच बघतात तुमची. मी म्हटलं, वही देऊन लगेच नका पळू. चहा तरी घ्या."

आत तिघं टेबलाभोवती बसली होती. चौथी खुर्ची रिकामी. मी वही टेबलावर ठेवली आणि कोणी हात लावीना.

"टीचर," युजीन म्हणाला, "ती गेल्यापासून आम्ही खेळलो नाही. आज फक्त तिने अर्धवट ठेवलेला प्रवास पुरा करायचा. तुम्ही बसाल तिच्या जागी?"

मी बसले. मला वाटलं, तासाभराचा प्रश्न आहे.

प्रवास सोपा होता. एका मोठ्या बंदरातून दुसऱ्या मोठ्या बंदरात. मी पानं उलटत नावं वाचायची आणि ते फासे टाकून पुढे सरकायचे. विघ्नेशचे विनोद हळूहळू परत आले. ऋतिका त्याला टपल्या मारू लागली. मग वाटेत एक पान आलं. मी वाचलं, "खारवट. पाणी भरपूर. वस्ती तीनशे बारा. बंदर नाही."

"स्किप मार," विघ्नेश म्हणाला. "फ्युएल नाही, ट्रेड नाही. तिकडे जाऊन करायचं काय?"

"विघ्न्या," ऋतिकाने त्याला कोपर मारलं.

"अगं, गेममधलं बोलतोय. काकू, सॉरी हं. पण सगळे असंच करतात. पोर्ट नसलेल्या जगात कोणी जातच नाही. ती नुसती नकाशावर असतात."

मी सहसा आवाज चढवत नाही. बावीस वर्षं वर्गात कधी चढवला नाही. पण त्या वाक्याने माझे कान तापले. कचेरीतल्या माणसांचा मला राग होता, आणि तो मी इतके दिवस जपून ठेवला होता. तो या तीन पोरांवर निघाला.

"तीनशे बारा लिहिलंय," मी म्हटलं. "ते काय नकाशावर राहतात? त्यांच्यात कोणी आजारी पडत नाही? बंदर नाही हा त्यांचा गुन्हा आहे का? बांधायचं कुणी होतं?"

बाहेर ओट्यावर कॅथरिनचे हातसुद्धा थांबले.

"टीचर," युजीन खालच्या आवाजात म्हणाला, "पान उलटा. तिने मागे नियम लिहिलाय. आम्ही तो कधी पाळला नाही. ती चिडायची. आम्हाला वाटायचं, उगाच ताणते."

मागे तिचं अक्षर होतं. 'बंदर नसलेल्या जगावरून जाताना हाक द्यायची. किती माणसं? मग शंभर मोजायचे, घाई न करता. मग तीन फासे. जितके पडतील तितकी माणसं काठावर उभी आहेत. जायचं की थांबायचं ते खलाशांनी ठरवावं. पण आकडा ऐकल्यावर.'

तेवढ्यात दिवे गेले. सातचं भारनियमन. कॅथरिन मेणबत्ती घेऊन आली आणि तिथेच दारात उभी राहिली.

"हाक दे," मी विघ्नेशला म्हटलं.

त्याने घसा साफ केला. आधी हसल्यासारखं केलं, मग हसला नाही. "किती माणसं?"

ऋतिका मोजू लागली. मोठ्याने, सावकाश. वीस. तीस. केळीची पानं हलत नव्हती. चाळिसाच्या पुढे मला वास आला. खाडीच्या गाळाचा, ओहोटीच्या दुपारी उन्हात तापलेल्या गाळाचा. गिरीजला लाल माती आहे, बागायत आहे. तो वास तिथे येत नाही. मी युजीनकडे पाहिलं. त्यानेही नाकावर हात धरला होता.

"साठ... एकसष्ट..."

मग आवाज. वाडीच्या टोकाकडून. तुम्ही कधी चिखलात चालला आहात का? पाऊल आत जाताना आवाज होत नाही. बाहेर काढताना होतो. ओला, ओढलेला. तो आवाज एका पायाचा नव्हता. दोनचाही नव्हता. पुष्कळ माणसं, सावकाश, एकमेकांना सांभाळत...

"आई, पाणी सोडलंयस का वाडीत?" युजीनने विचारलं.

"लाइट नाय, पंप कसा चालेल, बाबा..." कॅथरिनने छातीवर क्रूस काढला.

ऋतिकाचा आवाज फाटला, पण तिने मोजणं सोडलं नाही. "अठ्ठ्याण्णव... नव्व्याण्णव... शंभर."

बाहेरचा आवाज थांबला. काठाशी येऊन उभं राहिल्यासारखा.

विघ्नेशने फासे टाकले. सहा, सहा, पाच.

"सतरा," तो म्हणाला. "योगायोग असेल. परत टाकतो."

सहा, सहा, पाच.

त्याने फासे माझ्यासमोर सरकवले. "काकू, तुम्ही."

मी टाकले. एक फासा वहीला अडून थांबला, आणि क्षणभर मला वाटलं की तो तरी वेगळा पडेल. सहा, सहा, पाच.

मी तिथे एका माणसासाठी गेले होते. हे आता कबूल करते. वही द्यायला नाही. कुणीतरी एकदा तिच्यासाठी थांबावं, खेळात का होईना, म्हणून गेले होते. सतरा ऐकायची माझी तयारी नव्हती.

"आपल्या यानात मोकळ्या जागा चारच आहेत," विघ्नेश कुजबुजला.

"मग फेऱ्या मारा," मी म्हटलं.

त्यांनी मारल्या. पाच फेऱ्या, प्रत्येक वेळी फासा टाकून, कितीजण चढले ते मोठ्याने म्हणून. चार फेऱ्यांत सोळा चढले, पाचव्या फेरीला एकच उरला. त्या एकासाठी फासा काही केल्या लागेना. दिवे आले तरी लागला नाही. वास मात्र गेला होता.

घरी आल्यावर मी कागद घेतला. बेटाच्या त्या काठावर, पाण्याची वाट पाहत, आजवर कोण कोण गेलं? आधी ज्ञानदा. मग माझ्या सासूबाई, छातीत कळ येऊन. जयवंती बाळंतपणात अडलेली, आणि तिचं नाव न ठेवलेलं बाळ. मिठागरावरचा पोरगा. दुसऱ्या दिवशी मी बेटावर गेले आणि घरोघरी विचारलं. श्रीपतदादांना सगळी नावं पाठ होती. त्यांनी बोटांवर मोजून सांगितली, बाळ धरून. सोळा.

"आनखी कोन? सतरावा कोन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. "नीट आठवा, दादा."

"आनखी कोन नाय गो. मी काय इसरन?" मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "सतरा कुनी सांगला तुला?"

मी सांगितलं नाही.

सोळा नावं, तिथी, वेळ, असं नीट लिहून मी कचेरीत नेलं. सतरावी ओळ आखून मोकळी ठेवली. साहेबांनी चष्मा लावून पाहिलं.

"ही मोकळी ओळ कोणाची?"

"ते तुमच्या हातात आहे," मी म्हटलं. "तुम्ही ठरवा."

त्यांना ते झोंबलं. बाई आपल्याला शिकवतात, असं वाटलं असावं. म्हणाले, "मी स्वतः पाहणीला येतो. जेटी आहे की नाही, काय तो एकदाच निकाल लावू. येत्या गुरुवारी. जेवण करून निघेन, दोनपर्यंत पोहोचतो."

मी त्यांना सांगितलं. स्पष्ट शब्दांत, दोनदा. त्या वेळी पाणी नसतं, होडी लागत नाही, सकाळी या.

त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं. निळ्या शाईवर बोट ठेवलं. "मॅडम, जेटी आहे. मग मला भरती-ओहोटी कशाला पाहायची?"

यांनाही निरोप धाडला आहे, की त्या दिवशी काठावर जाऊ नका. ते जाणार. पाहुणा चिखलात अडकला तर ते हात द्यायला उतरणार, मी त्यांना ओळखते. दादांनाही सांगितलं, होडी काढू नका. दादा म्हणाले, हाकेला आकडा आला तर मी काय करू?

आज सकाळी गिरीजहून युजीनचा फोन आला होता. कपाटात ठेवलेले फासे टेबलावर सापडले, एवढंच म्हणाला. किती पडलेत ते मी विचारलं नाही.

उद्या गुरुवार. दशमी.