चष्म्याच्या पाटीवरचा थवा

माझ्या मधमाश्यांचा थवा त्याने माझ्या डोळ्यांदेखत पळवला आणि वर मलाच म्हणाला, "जरा बाजूला व्हा, माश्या चावतील."

मला. मी तीन गल्ल्या मान वर करून धावत आले होते, एक चप्पल कुठे पडली तेही ठाऊक नव्हतं, आणि हा शहाणा मला माश्यांबद्दल सांगतोय.

दुकान चष्म्यांचं होतं. दारावर पाटी म्हणून एक मोठा लाकडी चष्मा टांगलेला, आणि त्याच्या बरोबर मधोमध माझ्या माश्यांचा घोस लोंबत होता. चष्मेवाला स्टुलावर उभा राहून मऊ ब्रशने त्यांना पेटीत उतरवत होता. हात मात्र हलका होता त्याचा... हे तेव्हा मी मान्य केलं नसतं.

"तो थवा माझा आहे," मी म्हणाले.

"नाव लिहिलंय का कुठे?"

"नियम माहीत असेल तुम्हाला. जोवर मालकाची नजर थव्यावर, तोवर थवा मालकाचा. मी नजर हटवली नाही."

"हो? मग कोपऱ्यावर त्या सायकलवाल्याला धडकलात, तेव्हा नजर कुठे होती?" तो गालात हसला. "मी वरून बघत होतो."

नियम नियम असतो. नजर सुटली की ज्याने धरला त्याचा.

"आणि थवा असा एका दिवसात उठत नाही," तो ब्रश झटकत म्हणाला. "आठवडाभर आधीपासून सांगत असतात त्या. दिसलं नाही तुम्हाला? नंबर तपासून देऊ का डोळ्यांचा?"

"तुमच्या दुकानात गिऱ्हाईक का नाही, ते आत्ता कळलं," एवढं बोलून मी निघाले.

घरी येईपर्यंत मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. पण खरं सांगू? तो खरं बोलला म्हणून अंगाची लाही झाली होती. दिसलं होतं मला. सोमवारी सकाळी बाकीच्या पेट्यांतल्या माश्या कामाला लागलेल्या, आणि थवा उठला त्या पेटीतल्या दाराशी झुबक्याने नुसत्या लटकलेल्या. मी म्हटलं, उकडत असेल. पोळ्याच्या चौकटींच्या खालच्या कडेला राणीघराच्या, म्हणजे नवी राणी वाढवायच्या, वाट्या दिसल्या. मी म्हटलं, रिकाम्या वाट्या नेहमीच असतात. आत वाकून अंडं आहे का, एवढं बघायचा कंटाळा केला. मध भरून पिल्लांना जागा उरली नव्हती, तेही "रविवारी करू" म्हणून टाळलं. रविवार उजाडायच्या आत राणी अर्धी प्रजा घेऊन गेली.

आणि बाबा पायाला प्लास्टर घालून खिडकीशी पडलेले. पेट्या माझ्या हातात देताना त्यांनी बजावलं होतं, "माश्या सांगून जातात. ज्याला ऐकू येत नाही, त्याने पेट्या ठेवू नयेत. एक थवा गेला, की पेट्या दादाकडे." दादा म्हणजे पेटी उघडली की आधी फोटो काढणारा माणूस. त्याच्याकडे माझ्या माश्या? मी बाबांना काहीच सांगितलं नाही.

त्याच रागात मी पेटी उघडली. मागे राहिलेली राणीघरं शेंगांसारखी लटकत होती. यातून नवी राणी निघेल, तीही थवा घेऊन जाईल, परत माझी शोभा होईल... मी सुरी घेतली आणि एकूण एक कापून टाकली. एक ठेवायचं असतं. शेंबड्या पोरालाही माहीत असतं, एक ठेवायचं असतं. जुनी राणी गेलेली, नव्या मी मारल्या.

सहाव्या दिवशी झाकण उचललं तर आतून वेगळाच आवाज आला, रडका आणि चिडका. एक अंडं नाही. उरलेल्या अळ्या इतक्या मोठ्या की त्यांतून आता राणी होणार नाही. महिन्याभरात पेटी संपली असती.

मी चष्मेवाल्याकडे गेले. नाक मुठीत धरून गेले, आणि त्याचाही राग आला.

"थवा परत हवाय?" त्याने विचारलं.

"थवा नको. तो तुमचा आहे. तुमच्या पेटीतली ताज्या अंड्यांची एक चौकट द्या. त्यातून त्या स्वतःची राणी करतील." मग सगळं सांगितलं, सुरीसकट. वाटलं, आता हसेल.

तो हसला नाही. "दोन वर्षं रिकामी पेटी गच्चीवर ठेवून बसलोय मी," तो म्हणाला. "शिकलो होतो, पण एक माशी फिरकली नाही. चौकट आजच घेऊन येतो."

संध्याकाळी आला. आम्ही चौकट बसवत असताना माझ्या मनगटाला डंख बसला. मी काटा चिमटीत धरणार, तोच त्याने माझा हात धरला. "चिमटीत धरलं की विष आत जातं," म्हणत नखाने अलगद खरवडून काढला. डंख निघाला तरी हात सोडायला त्याने जरा वेळच लावला... आणि मीही ओढून घेतला नाही.

"कोण आहे ते?" खिडकीतून बाबांचा आवाज आला. "आणि भरल्या पेटीत परकी चौकट कशाला?"

चष्मेवाला पुढे झाला. "चूक माझी आहे, काका. मी शिकाऊ. मदत करायला गेलो आणि राणीघरं सगळी कापून बसलो."

असा संताप मला आयुष्यात आला नव्हता. "खोटं बोलतायत ते. मी कापली, बाबा. थवाही माझ्यामुळे गेला. दिसत होतं आणि मी बघितलं नाही. आणि तुम्ही," मी त्याच्याकडे वळले, "माझ्या चुका स्वतःच्या नावावर घ्यायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "महिनाभर थांबतो. नवी राणी अंडी घालताना दिसली तर ठीक. नाहीतर दादाला फोन."

त्या महिन्यात चष्मेवाला दुकान बंद करून रोज यायचा. पेटी सारखी उघडायची नसते, म्हणून आम्ही समोर दगडावर बसून दाराकडे बघायचो आणि भांडायचो. धूर किती द्यावा यावरून, टोपीची जाळी नीट बांधण्यावरून, त्याच्या डब्यातलं शेवटचं बिस्कीट कोणाचं यावरून. एकदा तो आला नाही. मी रात्री जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी अर्धा तास बोलले नाही. त्याला ताप होता, हे त्याने शेवटी सांगितलं. ते आधी का नाही सांगितलं, म्हणून परत भांडण.

महिना भरला. मी चौकट उन्हाकडे धरली. प्रत्येक घराच्या तळाशी एकेक अंडं उभं होतं, आणि मधून ती नवी राणी सावकाश चालली होती.

"अंडी?" बाबांनी खिडकीतून विचारलं.

"आहेत."

"मग पेट्या तुझ्या. चूक कबूल केलीस तेव्हाच ठरवलं होतं, पण म्हटलं महिनाभर जीव टांगणीला लागू दे."

यावर रागवावं की रडावं, कळेना. चष्मेवाल्याने जाळी वर केली. "छान झालं," तो म्हणाला, जरा पडलेल्या आवाजात. "म्हणजे उद्यापासून... मी यायचं काही कारण उरलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "कारण लागतं तुम्हाला? मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी तोंड बघवत नव्हतं तुमचं. पण आता दहा मिनिटं उशीर झाला तरी जीव वरखाली होतो. आणि हे मलाच आधी बोलावं लागतंय, याचा तर इतका राग येतोय, की..."

कान लाल झाले होते त्याचे.

"दुकान सात वाजता बंद व्हायचं माझं," तो हळूच म्हणाला. "महिनाभर पाचलाच कुलूप लावतोय. गिऱ्हाईक दारात असलं तरी."

"असं धंद्याचं वाटोळं करतात का? अक्कल आहे का तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. मी चौकट जपून पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि त्याचा हात धरला.

"भांडण मिटलं का रे?" बाबांनी विचारलं.

"नाही," आम्ही दोघंही म्हणालो, आणि हात काही कोणी सोडला नाही.